तगादाबाईंचा न आलेला अंक

आमच्या वन्सं, म्हणजे ह्यांची धाकटी बहीण, निवांत एका जागी बसल्यात असं मी या घरात आल्यापासून पाहिलेलं नाही. जेवताना त्यांचा डावा पाय हलत असतो. दूध तापायला ठेवलं की त्या शेगडीपाशी उभ्या राहून दुधाला घाई करतात. दारावरची घंटा वाजायच्या आधी त्यांना जिन्यातली पावलं ऐकू येतात, आणि पावलं ओळखीची नसली की "कोण असेल हो?" म्हणत त्या खुर्चीतून अर्ध्या उठलेल्या असतात. ह्यांना कामावरून यायला जरा उशीर झाला तर मी देवाचं नाव घेत भाजी निवडते. वन्सं गॅलरीत जाऊन रस्त्याला जाब विचारतात.

"वहिनी, दादा अजून आला नाही."

"येतील हो. रस्त्यात असतील."

"तेच तर म्हणतेय. रस्त्यात का आहे? घरात का नाही?"

मी भाजीची पुढची जुडी ओढून घेतली.

वन्सं तंत्रशाळेच्या ग्रंथालयात नियतकालिकांचा विभाग सांभाळतात. म्हणजे नेमकं काय करतात, ते मला बरीच वर्षं कळलं नव्हतं. मासिकं येतात, ती फळीवर मांडायची, संध्याकाळी पुन्हा सरळ करायची, एवढंच ना? एकदा तसं बोलून गेले, तर त्यांनी हातातला चहाचा कप खाली ठेवला.

"वहिनी, पुस्तकाचं बरं असतं. एकदा विकत घेतलं, शिक्का मारला, मिटलं. मासिकाचं तसं नाही. वर्षाची वर्गणी आधी भरायची आणि मग वर्षभर दाराकडे बघत बसायचं. कबूल केलेले सगळे अंक येतात का? नाही. मग न आलेला अंक कुठे गेला? टपालात हरवला, की त्यांनी पाठवलाच नाही, की अजून छापलाच नाही, की आमच्या फाटकावरचा पहारेकरी त्यावर डबा ठेवून जेवतोय? हे कोण शोधणार?"

"कोण?"

"मी!"

मग त्यांनी मला सगळं समजावून सांगितलं. प्रत्येक नियतकालिकाचं एक जाड कार्ड असतं, त्यावर चौकोन आखलेले. अंक आला की त्या चौकोनात खूण. वेळ उलटली आणि चौकोन रिकामाच राहिला की प्रकाशकाला स्मरणपत्र लिहायचं. आणि ते कधी लिहायचं, यातच सगळी गोम आहे. फार लवकर लिहिलं तर प्रकाशक म्हणतो, बाई, अंक अजून निघालाच नाही, जरा दम धरा. फार उशिरा लिहिलं तर म्हणतो, आता प्रत शिल्लक नाही, आधी का नाही बोललात? या दोहोंच्या मध्ये जे थोडे दिवस असतात, तेवढ्यात त्याला गाठायचं. नाही गाठलं तर वर्षाचा गठ्ठा अपुरा राहतो, आणि अपुरा गठ्ठा बांधणीला जात नाही. सुतळी बांधून मागच्या फळीवर पडून राहतो. त्या फळीला वन्संनी 'प्रतीक्षालय' असं नाव ठेवलंय.

एकदा त्यांचा विसरलेला डबा द्यायला गेले होते, तेव्हा मी ती फळी पाहिली. खोली लांबट, खिडकी कार्यशाळेकडे उघडणारी, त्यामुळे बोलताना मधूनमधून लोखंड घासल्याचा आवाज. खळीचा आणि नव्या कागदाचा वास. वाचायच्या टेबलाच्या एका पायाखाली पुठ्ठ्याची घडी. आणि वन्सं खुर्चीवर नव्हत्याच, टपालाची पिशवी ज्या दारातून येते त्या दारात उभ्या होत्या.

तिथे त्यांना सगळे 'तगादाबाई' म्हणतात. वन्संना ते कळत नाही असं म्हणणाऱ्यांना वाटतं, पण वन्संना माहीत आहे. "म्हणू देत," त्या म्हणतात. "नुसतं तगादा तर नाही ना म्हणत? बाई जोडतात, तेवढा मान आहे."

हा स्वभाव नोकरीनं आला की स्वभावामुळे नोकरी टिकली, ते देव जाणे. ह्यांनी मला सांगितलेली एक गोष्ट आहे. वन्संना तरुणपणी एक स्थळ आलं होतं. मुलाकडचे बघून गेले, गोड बोलले, 'कळवतो' म्हणाले आणि गप्प बसले. सासूबाई तेव्हा आजारी, अंथरुणाला खिळलेल्या. त्या रोज विचारायच्या, काही कळलं का? शेवटी वन्संनीच एक पोस्टकार्ड घेतलं आणि मुलाच्या वडिलांना लिहिलं, 'आपला होकार किंवा नकार अद्याप मिळालेला नाही. कृपया उलट टपाली कळवावे.' उलट टपाली नकार आला. घरात सगळ्यांची तोंडं उतरली.

"पण आला ना?" वन्सं आजही म्हणतात. "काय असेल ते असो, आलं पाहिजे. न येणं मला सोसत नाही."

त्यानंतर दुसरं स्थळ त्यांनी बघू दिलं नाही. सासूबाईंचं केलं, नोकरी केली, आमची मुलं वाढवली. मुलांना शाळेतून यायला उशीर झाला की आधी वन्सं फाटकापाशी, मग मी.

तर, वन्संची सर्वांत जास्त स्मरणपत्रं कुणाला गेली असतील तर घड्याळदुरुस्तीच्या एका त्रैमासिकाला. तंत्रशाळेत घड्याळं आणि मोजमापाची उपकरणं दुरुस्त करायला शिकवतात, त्या वर्गासाठी ते येतं. बाहेरगावचा कुणी जुना घड्याळजी ते काढतो. अंक पातळ, मुखपृष्ठ राखाडी, आत चाकांच्या आणि कमानींच्या सुरेख आकृत्या. आणि हे त्रैमासिक आजवर कधीही, चुकूनसुद्धा, वेळेवर आलेलं नाही.

"घड्याळांचं मासिक आणि तेच उशिरा!" हे दर वेळी हसतात.

"दुनियेची घड्याळं दुरुस्त करतात, दादा. स्वतःच्या घड्याळाकडे बघायला सवड कुठली?" वन्संना त्यांच्याबद्दल वाकडं बोललेलं खपत नाही. स्वतः मात्र वाटेल ते बोलतात.

नोकरी लागल्यावर त्यांनी आयुष्यातलं पहिलं स्मरणपत्र लिहिलं, ते याच त्रैमासिकाला. उत्तर आलं होतं, 'अंक पाठवत आहोत. तसदीबद्दल क्षमस्व. – व्यवस्थापक.' मागोमाग अंकही आला. तेव्हापासून दर तीन महिन्यांनी वन्संचं पत्र, त्यांचं क्षमस्व आणि मागून अंक, असं अखंड चालू होतं. पानं नीट आहेत ना हे तपासता तपासता वन्सं तो अंक वाचायला लागल्या. आमच्या बाहेरच्या खोलीतलं बंद पडलेलं भिंतीवरचं घड्याळ त्यांनी त्यातली आकृती पुढ्यात ठेवून चालू केलं. ते अजून चालतं. वन्संच्या हातचं असल्यामुळे जरा पुढे धावतं, एवढंच.

मग ग्रंथालयात नवे ग्रंथपाल आले. तरुण, हसऱ्या चेहऱ्याचे. आल्या आल्या त्यांनी सगळी कपाटं उघडायला लावली, आणि वन्संच्या खोलीतलं कोपऱ्यातलं कपाट उघडताच मासिकांचा ढीग त्यांच्या पायावर कोसळला. एकाच अंकाच्या दोन दोन प्रती. वन्सं स्मरणपत्र लिहीत तेव्हा मूळ अंक वाटेत असायचा. तो पोचायचा, आणि प्रकाशकानं बिचाऱ्यानं भिऊन पाठवलेली दुसरी प्रतही पोचायची. त्यातच एका मोठ्या परदेशी प्रकाशकाचं पत्र आलं, की आपलं ग्रंथालय आम्ही न छापलेले अंकही मागतं.

ग्रंथपालांनी ते पत्र वन्संसमोर ठेवलं, पण हसतच. "बाई, यांचा अंक अजून छापखान्यात आहे आणि तुमचं स्मरणपत्र यांच्या टेबलावर. जरा श्वास घेऊ द्या त्यांना."

नवा नियम निघाला. अंकाची तारीख उलटून तीन महिने झाल्याशिवाय स्मरणपत्र लिहायचं नाही, आणि तेही हातानं न लिहिता, मासिकांच्या वर्गण्या भरणाऱ्या एजंटामार्फत छापील नमुन्यात. शिवाय, जागा अपुरी पडते आहे, म्हणून ज्याचे लागोपाठ दोन अंक येणार नाहीत आणि एजंटालाही दाद मिळणार नाही, ते नियतकालिक पुढच्या वर्षाच्या यादीतून कमी करायचं.

"ते चुकीचं बोलले नाहीत, वहिनी," घरी आल्यावर वन्सं म्हणाल्या. "कपाट माझंच होतं." पण पाय मात्र नेहमीपेक्षा जास्त हलत होता.

खरं सांगायचं तर मला मनातून बरं वाटलं. म्हटलं, "वन्सं, देवानं तुम्हाला धीर शिकवायचं मनावर घेतलंय."

"तुम्ही त्याला धीर धरू देता का पण?" त्या फणकारल्या. "सकाळ-संध्याकाळ माळ घेऊन बसता आणि त्याचं नाव घेत राहता. हे स्मरणपत्र नाही तर काय?"

"अहो, ते मागणं नसतं. नुसती आठवण असते."

"मग मी वेगळं काय लिहिते? 'आपणास आठवण करून देण्यात येते की...'"

मी हसले. मग देवाची क्षमा मागितली. पण हसू आलं होतं ते आलंच होतं.

आता खरी परीक्षा सुरू झाली. इतर मासिकं येत होती, चौकोन भरत होते. घड्याळांच्या त्रैमासिकाचा अंक आला नाही. पूर्वी वन्संनी लगेच कागद ओढला असता. आता हात बांधलेले. त्या रिकामा चौकोन बघत बसायच्या, आणि घरी येऊन मला सांगायच्या की आज मी तो बघितला नाही. भाजी चिरायला घेतली की घरातली सगळी चिरून टाकायच्या. स्वच्छ धुतलेला पडदा पुन्हा धुवायच्या. टपालवाल्याला रस्त्यात गाठून विचारायच्या. तो बिचारा आमच्या रस्त्याला दुसऱ्या टोकाकडून शिरायला लागला.

तीन महिने पुरे झाले त्याच दिवशी त्यांनी एजंटाकडे छापील नमुना पाठवला. काही दिवसांनी एजंटाचा निरोप आला, 'प्रकाशकाकडून प्रतिसाद नाही.' तोवर दुसऱ्या अंकाचीही तारीख उलटून गेली होती.

वन्संची झोप उडाली. "बंद पडलं असेल का हो? की तो म्हातारा गेला असेल? कार्यशाळेचे सर म्हणत होते, फार वय आहे म्हणे त्यांचं."

"असं वाईट कशाला मनात आणता?"

"नाही, गेला नसेल. गेला असता तर अंकात छापून आलं असतं."

"कुठल्या अंकात?" हे वर्तमानपत्राआडून म्हणाले.

वन्सं उठून गॅलरीत गेल्या. ह्यांनाही मग आपण बोललो ते बरं वाटलं नाही. त्यांनी उठून घड्याळाला चावी दिली, ती सकाळीच देऊन झाली होती.

पुढच्या वर्षाच्या यादीसाठी शुक्रवारी बैठक ठरली. मंगळवारी वन्सं घरी आल्या त्या चपलांसकट आत. "त्यांच्या नावापुढे प्रश्नचिन्ह केलंय साहेबांनी. पेन्सिलीनं, वहिनी. पेननं नाही अजून. पहिल्या अंकापासून सगळे गठ्ठे बांधलेले आहेत माझ्याकडे, एकसुद्धा प्रतीक्षालयात नाही. आणि आता असं मध्येच तुटणार?"

मी त्यांना पाणी दिलं आणि नेहमीचंच बोलले, "देवावर सोडा."

"सोडलं. उद्याची रजा टाकलीय. तुम्ही येताय ना?"

"कुठे?"

"अंक आणायला."

हे मोठ्यानं हसले. "झालं! आता स्मरणपत्र पायी निघालं."

बुधवारी सकाळी मी दिवा लावला, घाईघाईत हात जोडले आणि आम्ही निघालो. बसमध्ये वन्सं ड्रायव्हरच्या मागच्या बाकावर बसल्या आणि सबंध रस्ता त्याच्या मानेकडे बघत राहिल्या. त्याला ते जाणवलं असावं, कारण तो मधून मधून कॉलर चाचपत होता. मी पदराआड बोटांवर नाव मोजत होते. मनात तेच येत होतं, तिथे जाऊन दाराला कुलूप दिसलं तर यांना घरी कशी आणू?

पत्ता अंकाच्या आतल्या पानावर होताच. बाजारामागची गल्ली, एक सायकलवाला, त्याच्या शेजारी छापखाना, आणि पुढे दोन पायऱ्यांचं घर. पुढच्या खोलीत दुकान. भिंतभर घड्याळं, प्रत्येक आपापली वेळ दाखवतंय. मी कधी एवढी टिकटिक एकदम ऐकली नव्हती. माझ्याच छातीत धडधड होतेय की काय असं वाटलं.

आतून एक बाई ओले हात पुसत आली. माझ्यापेक्षा बरीच लहान, केस घाईनं बांधलेले.

वन्सं ताठ उभ्या राहिल्या. "मी तंत्रशाळेच्या ग्रंथालयातून आलेय. नियतकालिक विभाग."

त्या बाईनं एकदा वन्संना खालून वर बघितलं आणि आत वळून ओरडली, "बाबा! अहो बाबा! पत्रवाल्या बाई आल्यात! जिवंत आहेत!"

आत काहीतरी धातूचं खाली पडलं. एक खूप म्हातारे गृहस्थ बाहेर आले, कपाळावर भिंग चढवलेलं, अंगात स्वेटर, त्याचं एक बटण चुकीच्या काजात. "बऱ्या आहात ना?" ते वन्संना म्हणाले. "आम्ही किती काळजीत होतो. पत्र नाही, काही नाही."

"माझं पत्र?" वन्संचा आवाज चढला. "अहो, तुमचा अंक नाही!"

"अंक कसा असेल? तुमचं पत्र नाही तर!"

मी कधी इकडे बघत होते, कधी तिकडे.

शेवटी त्या बाईनं, म्हणजे त्यांच्या सूनबाईनं, आम्हाला बसवलं आणि उलगडून सांगितलं. "बाबांचं असं आहे, त्यांना कधी लिहून झालं असं वाटतच नाही. आकृती काढतात, खोडतात, पुन्हा काढतात. मी सांगितलं तर ऐकत नाहीत. तुमचं पत्र आलं की मी ते यांच्यासमोर ठेवायची आणि म्हणायची, बाबा, ग्रंथालयाचं पत्र आलं, आता सोडा. की दुसऱ्या दिवशी छापखान्यात. लग्न होऊन आले तेव्हापासून असंच चाललंय. माझ्या आधी सासूबाई असंच करायच्या."

"आणि बाकीचे वर्गणीदार?" वन्संनी विचारलं. "ते विचारत नाहीत?"

"ते घड्याळजी लोक, बाई. ते वाट बघतात."

"ह्या खेपेला पत्र आलं नाही," म्हातारबुवा म्हणाले, "म्हटलं, अजून वेळ आहे."

"मग फारच दिवस झाले, तेव्हा वाटलं तुम्ही निवृत्त झालात," सूनबाई म्हणाल्या. "बाबा तर भलतंच बोलायला लागले. लिहिणार तरी कुणाला? तुमची सही म्हणजे 'नियतकालिक विभाग'."

"एजंटाचं पत्र नाही आलं? छापील?"

"निळ्या काठाचं, इंग्रजीतलं? ते होय! मला विम्याची जाहिरात वाटली. कपाटाच्या तळाला अंथरलं."

"आणि ते व्यवस्थापक? त्यांनी पण नाही बघितलं?"

"व्यवस्थापक मीच."

"तुम्ही?" वन्सं म्हणाल्या. "मी आपली टक्कल पडलेला, चिडका माणूस धरून चालले होते."

"टक्कल पडेल आता यांच्यापायी," असं म्हणून सूनबाईंनी सासऱ्यांकडे बोट दाखवलं, आणि सासरे खुशीत हसले.

पण वन्सं हसल्या नाहीत. त्या खुर्चीत मागे टेकल्या. माझं लक्ष त्यांच्या पायाकडे गेलं. पाय हलत नव्हता. इतकी वर्षं त्यांना वाटत होतं, आपण अंकाच्या मागे लागतो. आणि इथे अंक त्यांच्या पत्रामागून निघत होता. त्यांनी नियम पाळला, गप्प बसल्या, आणि दोन्हीकडे माणसं वाट बघत राहिली. 'देवावर सोडा' असं मी किती सहज म्हणत होते, तेही मला तेव्हा आठवलं.

फार वेळ नाही टिकलं ते. पाय पुन्हा हलू लागला. "मजकूर किती तयार आहे?"

"सगळा," सूनबाई म्हणाल्या. "दोन्ही अंकांचा."

"शेवटची आकृती तेवढी पुन्हा..." म्हातारबुवांनी सुरुवात केली.

"मग दोन्ही एकाच मुखपृष्ठात घाला. जोडअंक. परवा आमची बैठक आहे, तुमचं नाव यादीतून जायला लागलंय. आज छापायला द्या."

म्हातारबुवा विचारात पडले. "पण पत्र?"

"मी स्वतः आलेय की, बाबा!"

"तोंडी नको. तोंडी सांगितलेलं माझ्या डोक्यात राहत नाही. विचारा हिला."

सूनबाईंनी मान हलवली. खरंच राहत नाही, अशी.

तेव्हा वन्संनी त्यांच्याच टेबलावरच्या चाकांचा आणि चिमट्यांचा पसारा बाजूला सारला, कॅलेंडरचं जुनं पान उलटं केलं आणि म्हातारबुवांच्याच पेननं लिहिलं. 'आपणास आठवण करून देण्यात येते की...' खाली 'तातडीचे' म्हणून दोन रेघा मारल्या. यावेळी सहीत 'नियतकालिक विभाग' लिहून झाल्यावर त्या थांबल्या आणि पुढे स्वतःचं नाव घातलं.

म्हातारबुवांनी भिंग डोळ्यावर ओढून ते पत्र सावकाश वाचलं. मग भिंग काढलं, खणात टाकलं, खण लावला. "झालं. द्या छापखान्यात."

निघताना वन्संनी सूनबाईंना विचारलं, "टपालानं परवापर्यंत पोचेल?"

"टपालाचं सोडा. मी बघते," त्या म्हणाल्या.

गुरुवार कसा गेला ते मी माझ्या रोजच्या वहीत एका ओळीत लिहिलंय, 'दोन वेळा भाताला मीठ घातलं.' शुक्रवारी वन्सं कामावर गेल्या. मी माळ घेऊन बसले, पण नाव ओठावर आणि चित्त त्या बैठकीत. पेन्सिल, पेन, पेन्सिल, पेन, असंच चाललं होतं. शेवटी माळ ठेवली आणि उठले. हे घरी आले तेव्हा मी गॅलरीत वाकून रस्त्याकडे बघत होते.

"अरे देवा," हे म्हणाले, "तू पण?"

वन्सं उशिरा आल्या. एक चप्पल दारात, दुसरी उलटी होऊन पायपुसण्यावर. आधी पाणी प्यायल्या.

"अहो सांगा तरी!" मी म्हटलं. "काय झालं? पेन्सिल की पेन?"

"बघा, आता कळलं का मला काय होतं ते?" त्या म्हणाल्या आणि मग सांगायला बसल्या. म्हणजे उभ्यानंच सांगितलं.

त्रैमासिकाचं नाव यादीत शेवटी शेवटी होतं. ग्रंथपालांनी पेन उचललं. "बाई, हे?"

"येतोय अंक," वन्सं म्हणाल्या.

"कशावरून?"

"मी जाऊन आले."

ग्रंथपाल काही बोलणार, तेवढ्यात पहारेकऱ्यानं दारातून डोकं आत घातलं. "साहेब, बाहेर एक बाई आल्यात. म्हणतात, पत्राचं उत्तर घेऊन आलेय, हातातच देईन."

सूनबाई होत्या. पहिल्या बसनं निघाल्या होत्या, पण बस वाटेत बंद पडली आणि दुसरी मिळायला वेळ गेला. त्यांनी पिशवीतून पुडकं काढून ग्रंथपालांच्या पुढ्यात ठेवलं. साहेबांनी वरचा कागद फाडला. राखाडी मुखपृष्ठ, जोडअंक. शाई इतकी ओली की त्यांच्या अंगठ्याला लागली, आणि अंगठ्याची यादीला, बरोबर त्या प्रश्नचिन्हावर.

"एवढा उशीर का हो होतो तुमचा?" ग्रंथपालांनी विचारलं.

"साहेब," सूनबाई म्हणाल्या, "यांचंच पत्र उशिरा आलं."

बैठकीला बसलेले कार्यशाळेचे सर इतके हसले की त्यांना ठसका लागला. मग वन्संनी सगळी हकिगत सांगितली. ग्रंथपालांनी ऐकून घेतलं, अंगठा बघितला आणि खोडरबर मागितला. "नियम तोच राहील, बाई. ते कपाट मला पुन्हा अंगावर घ्यायचं नाही. पण या एकाला तुम्ही तुमच्या वेळेनं लिहा. एकालाच हं!"

मी देवापुढे हात जोडले. "वन्सं, आता तरी बसा निवांत. पुढच्या अंकाला अजून पुष्कळ वेळ आहे."

"म्हणूनच तर," वन्सं म्हणाल्या. त्या खणात पोस्टकार्ड शोधत होत्या. "आत्ता टाकलं तर कुठे वेळेवर येईल." मग त्यांचा हात थांबला. "पण वहिनी, पुढल्या वर्षी मी निवृत्त होतेय. मग यांना लिहिणार कोण?"

हे वर्तमानपत्राआडून माझ्याकडे बघायला लागले. वन्संही बघायला लागल्या.

"तुम्ही नाहीतरी रोज वहीत लिहिताच," त्या म्हणाल्या. "त्यात आणखी चार ओळी. आपण घरची वर्गणी भरू."

"मला नाही जमायचं. तुमच्यासारखी घाई कुठे आहे माझ्यात?"

"घाई मी देईन. अक्षर तुमचं."

आता यांना नाही कसं म्हणायचं! मी हो म्हटलं आणि संध्याकाळचा दिवा लावायला आत गेले. माळ हातात घेतली, पण लगेच सुरुवात करवेना. माझ्याही एक-दोन मागण्या देवाकडे बऱ्याच वर्षांपासून पडून आहेत. एकदा मागितलं, पुन्हा पुन्हा काय त्रास द्यायचा, म्हणून मी आपली धीर धरून होते. आज मनात आलं, तिकडे तोही 'अजून हिचं पत्र नाही, म्हणजे वेळ आहे' असं धरून बसला नसेल ना? म्हणून डोळे मिटले आणि पहिल्यापासून, सगळं, नीट, नावानिशी त्याच्या कानावर घालायला लागले.

"वहिनी!" बाहेरून वन्संचा आवाज आला. "किती वेळ! दूध उतू जाईल!"

दूध मी अजून तापायला ठेवलंच नव्हतं.